नदी लाल झाली की फिल्टर हाऊसमध्ये काय चालतं?

मृगाचे दोन-तीन जोराचे पाऊस झाले की जगबुडी, वाशिष्ठी, सावित्री लाल होतात आणि गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न फिरू लागतो: ‘पाणी नीट गाळत का नाहीत?’ तक्रार रास्त आहे, समजूत मात्र चुकीची आहे. हे पाणी नुसतं गाळून स्वच्छ होत नाही.

फिल्टरमधल्या वाळूचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दाण्यांमधल्या फटी चिकणमातीच्या बारीक कणापेक्षा शंभरपट मोठ्या, त्यामुळे बरेचसे कण सरळ पार होतात. साठवून निवळू द्यावं म्हटलं, तर एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) कणाला एक मीटर खाली जायला बारा-तेरा दिवस लागतात, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या कणाला तीन वर्षांहून अधिक!

म्हणून खेड-चिपळूणकडच्या एखाद्या केंद्रावर नुकत्याच रुजू झालेल्या इंजिनिअर मुलीचा पावसाळी दिवस जार टेस्टने, म्हणजे हे कण एकत्र आणून खाली बसवायला किती तुरटी लागेल हे पाहणाऱ्या चाचणीने सुरू होतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून लॉगबुक घ्यायचं, कच्च्या पाण्याची गढूळता, सामू आणि क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची क्षमता मोजायची. मग तेच पाणी एकेक लिटरच्या सहा जारमध्ये भरून प्रत्येकात तुरटीचा वेगळा डोस घालायचा. मिनिटभर जोरात ढवळायचं, पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. सर्वांत चांगला निवळलेला जार त्या दिवसाचा डोस ठरवतो.

जलशुद्धीकरणातलं सगळ्यात देखणं रसायनशास्त्र मला या जारमध्येच दिसतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतप्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यातले धन आयन प्रत्येक कणाभोवती जमून एक विद्युत थर तयार करतात. हा थर जाड असेतोवर कण चिकटण्याइतके जवळ येत नाहीत. थर दाबला, तर रेणूंमधलं आकर्षण बाजी मारतं. तो दाबायला धन आयनच लागतात, आणि इथे शुल्झ-हार्डी नियम लागू होतो: आयनाची ताकद त्याच्या प्रभाराच्या जवळपास सहाव्या घाताने वाढते. सोडियमची ताकद 1 धरली, तर तुरटीतल्या तिहेरी प्रभाराच्या ॲल्युमिनियमची 729. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम याहून जास्त करतं. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याच्या हायड्रॉक्साइडचे भुसभुशीत पुंजके, म्हणजे फ्लॉक बनतात आणि तळाशी जाताना वाटेतले कण गोळा करून नेतात. पण डोस जास्त झाला, तर कणांवर धन प्रभार चढू शकतो. मग ते पुन्हा एकमेकांना लोटतात आणि पाणी गढूळच राहतं. ‘अजून थोडी टाका’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

दुबळं सोडियमही हे काम करू शकतं, फक्त ते भरमसाट लागतं. दाभोळच्या, बाणकोटच्या खाडीत ते असतं. गढूळ नदी खाऱ्या पाण्याला भेटली की कण एकमेकांना चिकटून खाली बसू लागतात. आपली कांदळवनं उभी आहेत ती अशा चिखलावर.

कोकणातली खरी अडचण क्षारतेची आहे. 1 मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता संपवते. सह्याद्रीच्या उतारावरून धो-धो येणारं पाणी खडकात फारसं मुरत नाही, त्यामुळे त्यात क्षारता मुळातच कमी. लिटरमागे 25 मिलिग्रॅम क्षारतेच्या पाण्याला 50 मिलिग्रॅम तुरटी लागली, की सगळी क्षारता खलास. मग सामू घसरतो, आणि तो साडेपाचच्या खाली गेला तर ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं आणि वाळूतून थेट नळापर्यंत पोचतं. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे 0.03 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 0.2 पर्यंत चालतं. म्हणून जारची दुसरी फेरी क्षारता वाढवणाऱ्या चुन्याबरोबर होते, किंवा तुरटीऐवजी पॅक, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरून. ते क्षारता कमी खातं.

दुपारनंतर फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, क्लोरिनचा डोस, आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीन टाकून क्लोरिन तपासणं: तिथे मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मिळायला हवा.

आणि त्याच नळाच्या पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवून, ते तांबडं-काळं झालेलं दाखवत फिल्टर विकणारे दारोदार फिरतात. ती घाण पाण्यातली नसते. इलेक्ट्रोडचं लोखंड विरघळून त्याचाच फ्लॉक झालेला असतो. त्यांच्या मशिनच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून त्यातून वीज जेमतेम वाहते आणि ते स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. ही फसवणूक आहे.

त्या इंजिनिअर मुलीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र क्लॅरिफायरच्या, म्हणजे फ्लॉक जिथे खाली बसतात त्या टाकीच्या तळातून निघालेल्या गाळाचा. त्यात बहुतांश पाणीच असतं आणि तो वाफ्यांत पसरून उन्हात वाळवायचा असतो. कोकणात सर्वाधिक गाळ निघतो जून ते सप्टेंबरमध्ये, आणि नेमकं तेव्हाच ऊन नसतं. तसाच नदीत सोडला, तर काढलेली माती ॲल्युमिनियमसकट परत नदीत जाते. वाफ्यांवर छप्पर किंवा गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र, यासाठीचे पैसे इथल्या प्रत्येक पाणी योजनेच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच धरायला हवेत.