मोडल आणि क्रियापदामधली फट : इंग्रजी क्रियाविशेषणाच्या जागेमागचा इतिहास

'यू मस्ट केअरफुली लुक ॲट द मॅप' हे वाक्य इंग्रजीत चालतं. 'यू मस्ट लुक केअरफुली ॲट द मॅप' हेही चालतं. आता 'लुक ॲट' काढून तिथे 'स्टडी' घाला. 'यू मस्ट केअरफुली स्टडी द मॅप' ठीक आहे, पण 'यू मस्ट स्टडी केअरफुली द मॅप' म्हटलं की इंग्रजी बोलणारा माणूस थबकतो. अर्थ तोच आणि क्रियाविशेषणही तेच, तरी एका क्रियापदानंतर त्याला जागा मिळते आणि दुसऱ्यानंतर मिळत नाही. शिकणाऱ्याला याचा नियम पाठ करायला लावतात, कारण क्वचितच सांगतात. हे कारण हजारेक वर्षांच्या इतिहासात आहे, आणि ते कळलं की पाठांतराची गरज बरीच कमी होते.

सुरुवात मोडलपासून, म्हणजे 'कॅन', 'विल', 'मस्ट'सारख्या साहाय्यक क्रियापदांपासून, करावी लागते, कारण जुन्या इंग्रजीत मोडल नावाचा वेगळा वर्गच नव्हता. आजचं 'कॅन' म्हणजे तेव्हाचं 'कुन्नान'. त्याचा अर्थ जाणणे, आणि आपल्या 'ज्ञान' आणि 'जाणणे'शी त्याचं मूळ एकच आहे. 'विल' म्हणजे इच्छिणे. संस्कृतमधल्या निवडण्याच्या अर्थाच्या 'वृ' धातूशी, म्हणजे आपल्या 'वर' आणि 'स्वयंवर'शी, त्याचं नातं आहे. 'मे' म्हणजे बळ असणे. ही सगळी पूर्ण क्रियापदं होती आणि त्यांना थेट कर्म घेता येत असे. 'ही कॅन द लँग्वेज' अशी रचना आज चुकीची वाटते, पण त्या काळी ती साधी होती. जर्मनमध्ये 'इश कान डॉइच', म्हणजे मला जर्मन येतं, असं आजही म्हणतात.

'शॅल'ची गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. त्याचा मूळ अर्थ देणं लागणे. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात लूकच्या शुभवर्तमानात 'माझ्या धन्याचं तू किती देणं लागतोस' असा प्रश्न आहे आणि तिथलं क्रियापद हेच आहे. कर्जाच्या बांधिलकीतून कर्तव्याचा अर्थ आला आणि शब्द हळूहळू साहाय्यक क्रियापद बनला. मराठीतही 'देणं लागतो' आणि 'करावं लागतं' या दोन्हींत 'लागणे' एकच आहे. दोन भाषांनी इतकी सारखी कल्पना वापरलेली पाहून मला दर वेळी आनंद होतो.

पंधराव्या-सोळाव्या शतकात ही क्रियापदं बाकीच्यांपासून तुटली. त्यांची 'टू'ची रूपं गेली, 'इंग'ची रूपं गेली, थेट कर्म घेण्याची ताकद गेली. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड लाइटफुट यांनी १९७९ मध्ये असं मांडलं की हा नुसता अर्थबदल नव्हता, या शब्दांचा व्याकरणिक वर्गच बदलला. हे सगळं एका फटक्यात झालं की टप्प्याटप्प्यानं, यावर वाद झाला. मला टप्प्याटप्प्यानं झालं हेच पटतं. परिणामाबद्दल मात्र फारसा वाद नाही: वाक्यात मोडलचं स्वतंत्र स्थान तयार झालं आणि मुख्य क्रियापद त्याच्यापासून वेगळं पडलं. 'मस्ट' आणि 'लुक' यांच्यामध्ये क्रियाविशेषण आज ज्या फटीत बसतं, ती अशी पक्की झाली.

त्याच सुमाराला मुख्य क्रियापदाचंही काहीतरी बदलत होतं. आधीच्या इंग्रजीत मोडल नसेल तेव्हा मुख्य क्रियापद पुढे सरकत असे आणि 'नॉट' किंवा 'ऑफन'सारखे शब्द त्याच्या मागे पडत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये रानातल्या फुलांबद्दल म्हटलंय: 'दे टॉइल नॉट, नायदर डू दे स्पिन'. 'टॉइल नॉट' ही जुनी पद्धत आणि 'डू दे स्पिन' ही नवी, दोन्ही एकाच वाक्यात. पुढे 'डू'चा वापर पक्का झाला आणि मुख्य क्रियापद आपल्या जागी, कर्माला चिकटून, थांबलं. फ्रेंचमध्ये असं झालं नाही. भाषाशास्त्रज्ञ जाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये हा फरक नेमका दाखवला: फ्रेंच माणूस 'चुंबन घेतो वारंवार मेरीचं' या क्रमानं बोलतो, तर इंग्रज 'जॉन ऑफन किसेस मेरी' म्हणतो. 'स्टडी केअरफुली द मॅप' का खटकतं, याचं उत्तर इथे आहे. क्रियापद आणि कर्म यांच्यामधली वाट बंद झाली.

मग 'लुक केअरफुली ॲट द मॅप'मध्ये ती उघडी कशी? इथे दुसरा धागा येतो. जुन्या इंग्रजीत 'विदस्टँड', 'ओव्हरकम', 'फरगिव्ह' अशी उपसर्ग लागलेली क्रियापदं भरपूर होती. नामांना विभक्तिप्रत्यय होते, त्यामुळे शब्दांचा क्रमही बराच मोकळा होता. इंग्लंडवरच्या १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत प्रत्यय झडत गेले (त्यांची झीज आधीच सुरू झाली होती), उपसर्गांनी नवी क्रियापदं घडवणं मंदावलं, आणि ही कामं क्रियापदानंतर येणाऱ्या सुट्या शब्दांकडे गेली. संस्कृतचा प्रवास याच्या अगदी उलट झाला. वेदांत उपसर्ग धातूपासून दूर उभा राहू शकत असे, नंतर तो धातूला कायमचा चिकटला.

या सुट्या शब्दांत दोन जाती निघाल्या. 'लुक ॲट द मॅप'मधला 'ॲट' नकाशाच्या बाजूचा आहे, आपल्या 'नकाशाकडे'मधल्या 'कडे'सारखा, फक्त नामाच्या आधी येणारा. 'लुक अप द वर्ड'मधला 'अप' मात्र क्रियापदाच्या बाजूचा आहे. म्हणून 'लुक केअरफुली ॲट' चालतं आणि 'लुक केअरफुली अप द वर्ड' चालत नाही. पहिल्यात क्रियाविशेषण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये घुसत नाही. ते 'ॲट द मॅप' या वेगळ्या गटाच्या दारात थांबतं. भाषाशास्त्रज्ञ टी. एफ. मिचेल यांनी १९५८ च्या लेखात या दोन जाती वेगळ्या करताना मध्ये क्रियाविशेषण बसतं का, हीच कसोटी वापरली. 'लुक अप'सारख्या जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्याआधी, १९२५ मध्ये, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झालं. ते सुचवलं होतं कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी.

पण 'ॲट' पूर्णपणे नामाचाही राहिला नाही. तेराव्या शतकापासून कर्मणी प्रयोगात तो क्रियापदाबरोबर मागे राहू लागला: 'द मॅप मस्ट बी केअरफुली लुक्ड ॲट'. इथे 'लुक्ड' आणि 'ॲट' जणू एकच क्रियापद होतात आणि मधली फट मिटते. 'मस्ट बी लुक्ड केअरफुली ॲट' कानाला अडतं. मग क्रियाविशेषणासाठी सर्वांत स्वाभाविक जागा उरते ती मुख्य क्रियापदाच्या लगेच आधीची.

आणि नेमक्या याच जागेवर एकोणिसाव्या शतकात संशय घेतला गेला. १८३४ मध्ये एका अमेरिकन मासिकातल्या निनावी पत्रानं 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्याला आक्षेप घेतला. १८६४ मध्ये इंग्लंडमधले धर्मगुरू हेन्री ऑल्फर्ड यांनीही तो घेतला. इतिहास पाहिला तर तशा रचना तेराव्या शतकापासून सापडतात. पुढे ही भीती 'टू'पुरती राहिली नाही. काही लिहिणारे मोडल आणि क्रियापदामध्येही शब्द घालायला कचरू लागले. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी इंग्रजी वापराच्या १९२६ च्या कोशात ही समजूत खोडून काढली: साहाय्यक आणि मुख्य क्रियापदामधली जागा हीच क्रियाविशेषणाची नैसर्गिक जागा आहे. माझ्या मते या वादात इतका स्पष्ट न्याय दुसऱ्या कुणी क्वचितच दिला असेल.

तरी भीती टिकली. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षाच्या शपथेचे शब्द १७८७ पासून ठरलेले आहेत: 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस'. २० जानेवारी २००९ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शपथ देताना 'फेथफुली' तिथून उचलून शेवटी नेलं, आणि बराक ओबामा मध्येच थांबले. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी याचं कारण याच जुन्या समजुतीत शोधलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये खबरदारी म्हणून शपथ पुन्हा झाली. या वेळी 'फेथफुली' 'विल'च्या लगेच नंतर आलं.