जॉइंटरचं मागचं टेबल पात्यांपेक्षा खाली? नको!

जॉइंटर म्हणजे फळी रंधून सपाट करणारं यंत्र. फळी पुढच्या (इनफीड) टेबलावरून फिरत्या पात्यांवर सरकवायची, की ती मागच्या (आउटफीड) टेबलावर जाते. ‘जॉइंटरचं आउटफीड टेबल पात्यांपेक्षा थोडं खालीच ठेवावं, म्हणजे फळी अडकत नाही,’ असं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. हे टेबल पातं फिरताना सर्वांत वर येतं त्या पातळीला हवं. ते खाली राहिलं, की फळीचं शेपूट इनफीड टेबलावरून सुटताच खाली बसतं आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये खड्डा पडतो. मग दोष बिचाऱ्या कारागिराच्या हाताला! टेबल वर राहिलं, तर फळी त्याच्या कडेला धडकते. किती लाकूड काढायचं, ते इनफीड टेबल ठरवतं.

तपासायला आधी प्लग काढा, मग पात्यांवरचं झाकण, म्हणजे गार्ड, उतरवा. सरळ लाकडी पट्टी आउटफीड टेबलावर, टोक कटरहेडवर (पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर) येईल अशी ठेवा. कटरहेड पुलीने हळूहळू फिरवा. पात्याला बोट लावू नका. पात्याने पट्टी २-३ मिलिमीटर ओढली, तर जुळणी ठीक. जास्त ओढली, तर टेबल खाली आहे; स्पर्शच झाला नाही, तर वर. प्रत्येक पातं दोन्ही टोकांना असं बघा, एकावर भागवू नका.

नंतर गार्ड परत बसवा, तो आपोआप मिटतो ना बघा, मगच प्लग लावा.