साठच्या स्पीडला अँबेसेडर का थरथरते?

आमची अँबेसेडर १९८४ ची, मार्क ४. इंदूरहून राऊकडे निघालं की पंचावन्नच्या पुढे पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा, साठला आरशात मागचा ट्रक एकाचे दोन दिसायचे आणि सत्तरला परत बऱ्यापैकी शांत. एका मिस्त्रीने चाकं बॅलन्स केली, दुसऱ्याने गिअरबॉक्सखालचं रबर बदललं, फरक काही पडला नाही. मला मनापासून वाटतं की पार्ट बदलायच्या आधी कंप मोजायला हवा, कारण गाडीत जे जे फिरतं ते आपापल्या वेगाने फिरतं आणि थरथरही त्याच वेगाने येते.

हिशोब सोपा आहे बघा. टायर एका फेरीत साधारण २ मीटर जातं, ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या ८ फेऱ्या. इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे, मधे इंजिनाचा जोर मागे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरचं) गुणोत्तर साडेचारच्या आसपास, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साडेचार, म्हणून शाफ्ट सेकंदाला ३६-३७ फेऱ्या मारतो. टॉप गिअरमध्ये इंजिनही नेमकं तेवढंच फिरतं, खरी गोची तीच. मग साठलाच तिसरा गिअर टाकून बघायचं, इंजिनचा वेग वाढतो, शाफ्टचा तोच राहतो. आमची थरथर साठलाच राहिली, रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू दिली तरी तशीच. इंजिन आणि क्लच संशयातून सुटले.

आता चाक की शाफ्ट? फोनमध्ये कंप मोजणारं फुकटचं ॲप घेतलं, फोन सीटखाली पत्र्यावर चिकटवला, भावाने स्पीड साठवर धरून ठेवला. (स्पीड स्थिर हवा, नाहीतर आलेख पसरतो. इथून जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किमीचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, अशा मापनाला तसा रस्ता म्हणजे स्वर्गच.) आलेखात सेकंदाला ८ वर काही नाही, ३७ वर सरळ उंच सुळका. म्हणजे शाफ्टच, आणि तोही फेरीला एकदा.

हे "एकदा" फार महत्त्वाचं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा घातलेले, कोनातही फिरणारे सांधे; असा सांधा रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये सांगितला होता. सांधा कोनात असला की एका बाजूचा वेग सारखा असूनही दुसरी बाजू फेरीत दोनदा पुढे-मागे होते, १० अंशांना जवळपास दीड टक्का. पुढचा क्रॉस जे बिघडवतो ते मागचा सावरतो, पण दोन्ही कोन सारखे हवेत. मागची कमान (पाट्यांचं स्प्रिंग) बदलून मागचा कोन बिघडला असता तर सुळका ७४ वर आला असता. ३७ म्हणजे वजन एका बाजूला. १० ग्रॅम जास्तीचं वजन शाफ्टच्या मध्यापासून साडेतीन सेंटीमीटरवर असेल तर साठला जवळपास दोन किलोचा ओढा लागतो, तोही सेकंदाला ३७ वेळा गरगर दिशा बदलत. आणि गाडीचा सांगाडा नेमका त्याच तालावर डोलणारा असेल तर साठला कल्लोळ आणि सत्तरला शांती.

गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घेतली, शाफ्ट काढायच्या आधी फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) खडूने खुणा केल्या, कारण उलटा बसवला तर नवीनच थरथर पाठीशी लागते. मागच्या क्रॉसची टोपी काढली तर ग्रीस नाहीच, आत गंजाची लालसर भुकटी, आणि गुळगुळीत असायला हव्या त्या दांडीवर टोपीतल्या बेअरिंगच्या सुयांचे वळ, बोट फिरवलं की नख अडकेल इतके खोल. त्या ढिलेपणामुळे शाफ्ट मध्य सोडून फिरत होता.

नवीन क्रॉस घातला, सुळका अर्ध्याहून कमी झाला, पण गेला नाही. मग शाफ्टच्या मागच्या टोकाला होजचे दोन क्लिप आवळले आणि त्यांच्या स्क्रूची डोकी (तेच उलट बाजूचं वजन) थोडी थोडी फिरवत दर वेळी राऊपर्यंत जाऊन आलो, पाचव्या फेरीला सुळका जवळजवळ सपाट. खाली सरपटून बघितलं तर स्क्रू जिथे थांबले होते तिथेच शाफ्टवर वेल्डिंगचे दोन जुने ठिपके, बॅलन्सची पट्टी कधीतरी तिथूनच गळून पडलेली.