गोव्यातील घटस्फोट आणि दांपत्य-मालमत्तेची वाटणी

गोव्यात घटस्फोटानंतर पती-पत्नींची मालमत्ता निम्मी-निम्मी वाटली जाते. हा निम्मा हिस्सा न्यायालय घटस्फोटाच्या वेळी देते असा समज गोव्याबाहेर आहे, तो बरोबर नाही. हिस्सा लग्नापासूनच असतो, घटस्फोटाने तो फक्त वेगळा काढला जातो. याचे मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ही संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली आणि 1961 च्या मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने चालू राहिली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तीच लागू आहे.

लग्नापूर्वी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर दोघांची आधीची आणि नंतरची मालमत्ता एकत्र होते. वारशाने आलेलीही त्यात येते. दात्याने ‘ही फक्त हिचीच’ अशी अट घालून दिलेल्या वस्तूसारखे मोजके अपवाद आहेत. लग्न झाल्यावर करार बदलता येत नाही. मुहूर्ताआधी नोंदणी कार्यालयात ‘सह्या’ (लग्नाची सरकारी नोंदणी) उरकण्याच्या गडबडीत या कराराचा विषय बहुतेक घरांत निघतही नाही.

प्रत्यक्ष अडचण येते ती वाटणी करताना. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर, एकट्या नवऱ्याचे नाव असले, तरी सावईवेरे गावातले कुळागर (सुपारी-नारळाची बागायत) त्याला एकट्याला विकता येत नाही. विक्रीखतावर बायकोची सही लागतेच. तेच कुळागर वाटायचे म्हटले, तर पाण्याचा पाट एका बाजूला आणि सुपारी दुसऱ्या बाजूला, असे तोडता येत नाही. एकमत झाले नाही, तर इन्व्हेंटरीचा दावा चालतो. त्यात मालमत्तेची यादी आणि मूल्यांकन होते, मग हितसंबंधितांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलेल त्याने मालमत्ता घ्यायची आणि दुसऱ्याला फरकाची रक्कम द्यायची. कागदावर समान असलेला हक्क इथे हाताशी रोकड असलेल्याच्या बाजूने झुकतो. या प्रक्रियेचे नियम आता 2012 च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आहेत. तो डिसेंबर 2016 मध्ये अमलात आला.

सामाईक कर्जेही याच हिशेबात येतात. पोटगीचा प्रश्न मात्र वेगळा.

आयकर कायद्यानेही 1994 मध्ये कलम 5-अ घालून ही पद्धत मान्य केली. अशा जोडप्याचे भाडे, व्याज, धंद्याचे उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत अर्धे-अर्धे दाखवले जाते. पगार मात्र ज्याचा त्याचाच. गोव्याबाहेरच्या मालमत्तेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये निर्णय दिला. तो खटला वारशाचा होता, पण त्यातून गोवेकराची भारतात इतरत्र असलेली मालमत्ताही वारशापुरती याच संहितेखाली येते हे स्पष्ट झाले.