बुद्धिमत्ता मापन

बुद्धिमत्ता मापन : विचार करण्याची, शिकण्याची आणि अनोळखी प्रश्नातून वाट काढण्याची व्यक्तीची क्षमता प्रमाणित चाचण्यांनी अजमावण्याची मानसशास्त्रीय पद्धत. तिच्यातून मिळणाऱ्या अंकाला बुद्ध्यंक म्हणतात. उंचीला सेंटिमीटर आणि वजनाला किलोग्रॅम आहे, तसे बुद्धीला एकक नाही. आपल्या वयाच्या लोकांत ती व्यक्ती कुठे उभी आहे, एवढेच बुद्ध्यंक सांगतो. म्हणून १२० बुद्ध्यंकाची व्यक्ती ६० बुद्ध्यंकाच्या व्यक्तीपेक्षा दुप्पट बुद्धिमान, हे विधान निरर्थक आहे.

बुद्धिमत्ता म्हणजे काय, यावर एकमत कधीच झाले नाही. १९२१ साली एका अमेरिकन नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना हा प्रश्न विचारला, तेव्हा कुणी अमूर्त विचारशक्तीवर भर दिला, कुणी परिस्थितीशी जुळवून घेण्यावर, तर कुणी शिकण्याच्या क्षमतेवर. दोन वर्षांनी एडविन बोरिंग यांनी ‘बुद्धिमत्ता चाचण्या जे मोजतात ती बुद्धिमत्ता’ असे म्हटले. हे वाक्य बहुधा थट्टेने सांगितले जाते. बोरिंग यांना ते पुढील संशोधनासाठी तात्पुरती सुरुवात म्हणून अभिप्रेत होते. डेव्हिड वेक्स्लर यांची व्याख्या अधिक व्यापक आहे : हेतूपूर्वक वागणे, विवेकाने विचार करणे आणि परिसराशी परिणामकारक व्यवहार करणे यांची एकत्रित क्षमता.

मापनाचे पहिले प्रयत्न फसले. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८४ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात लोकांचा प्रतिक्रियाकाल, दृष्टी, श्रवण आणि पकडीचा जोर मोजला. तीक्ष्ण ज्ञानेंद्रिये म्हणजे तीक्ष्ण बुद्धी, असा त्यामागचा तर्क होता. १९०१ मध्ये क्लार्क विस्लर यांनी अशा मोजमापांचा महाविद्यालयीन गुणांशी जवळजवळ काहीच संबंध नसल्याचे दाखवले. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमों यांनी वेगळी वाट धरली. वर्गात मागे पडणारी, खास शिक्षणाची गरज असलेली मुले ओळखणे हे त्यांचे काम होते, म्हणून त्यांनी आकलन आणि निर्णयशक्तीच थेट तपासली. त्यांच्या १९०५ च्या चाचणीत सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ३० प्रश्न होते : जळत्या काडीमागे नजर फिरते का इथपासून दोन अमूर्त शब्दांतला फरक सांगण्यापर्यंत. १९०८ मध्ये हे प्रश्न वयानुसार लावले गेले आणि ‘मानसिक वय’ (मूल ज्या वयाच्या मुलांचे प्रश्न सोडवू शकते ते वय) ही कल्पना रुजली.

विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याचे सुचवले आणि लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्या भागाकाराला १०० ने गुणले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय १० असेल, तर बुद्ध्यंक १२५. हिशेब सुटसुटीत आहे, पण प्रौढांपाशी तो मोडतो. मुलांमध्ये वयाबरोबर गुण झपाट्याने वाढतात. किशोरवयाच्या अखेरीस ही वाढ मंदावते, वय मात्र वाढतच राहते. चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय ५० म्हणजे काय, याला उत्तर नाही.

वेक्स्लर यांनी १९३९ च्या आपल्या चाचणीत भागाकार सोडून दिला. समवयस्कांच्या सरासरीपासून गुण किती प्रमाण विचलने (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) दूर आहेत ते काढायचे, त्याला १५ ने गुणायचे आणि १०० मिळवायचे. या मोजपट्टीवर सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान, सुमारे ९५ टक्के ७० ते १३० च्या दरम्यान येतात. काही चाचण्यांत १५ ऐवजी १६ किंवा २४ वापरले गेले आहेत. त्यामुळे १३०, १३२ आणि १४८ हे तीन वेगळे दिसणारे अंक एकच स्थान दाखवू शकतात. कोणती चाचणी, हे न सांगता दिलेला बुद्ध्यंक म्हणूनच अपुरा असतो.

चाचण्यांच्या रचनेमागे घटक विश्लेषण आहे, म्हणजे अनेक गुणांच्या परस्परसंबंधांतून त्यांमागचे मोजके घटक शोधण्याची गणिती रीत. चार्ल्स स्पिअरमन यांना १९०४ मध्ये दिसले की एका प्रकारच्या प्रश्नांत सरस असणारे इतर प्रकारांतही सहसा सरस ठरतात. त्यामागे त्यांनी एक ‘सामान्य घटक’ मानला. लुईस थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता मांडल्या. रेमंड कॅटेल यांनी नव्या प्रश्नाशी झुंजणारी प्रवाही बुद्धिमत्ता आणि शिक्षण-अनुभवातून साचलेली स्फटिक बुद्धिमत्ता असा भेद केला. जॉन कॅरोल यांनी १९९३ मध्ये चारशेहून अधिक माहितीसंचांचे पुन्हा विश्लेषण करून तीन थरांची रचना दाखवली : तळाशी नेमकी कौशल्ये, मध्ये व्यापक क्षमता, वर सामान्य घटक. हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ ची बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी शाळांत लोकप्रिय झाली, पण त्या बुद्धिमत्ता परस्परांपासून स्वतंत्र असल्याचे मापनातून सिद्ध झालेले नाही.

वैयक्तिक चाचणी परीक्षक आणि व्यक्ती समोरासमोर बसून होते. तिला साधारण एक ते दीड तास लागतो. शब्दार्थ सांगणे, दोन गोष्टींतले साम्य सांगणे, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी आकृती जुळवणे, आकृत्यांच्या मालिकेतला गहाळ तुकडा ओळखणे, ठरलेल्या वेळेत अंकांखाली चिन्हे लिहिणे अशा उपचाचण्या असतात. सुरुवात कुठून करायची आणि सलग किती चुकांनंतर थांबायचे, हे पुस्तिकेत ठरलेले असते. मूळ गुण वयाच्या तक्त्यातून प्रमाणगुणांत बदलतात (सरासरी १०, प्रमाण विचलन ३) आणि त्यांच्या बेरजेवरून निर्देशांक (एकेका क्षमतेचे गुण) व एकूण बुद्ध्यंक काढतात. अंकस्मरणात अंक सेकंदाला एक या गतीने वाचायचे असतात. परीक्षकाने ते दोन-दोनच्या गटांत म्हटले, तर लक्षात ठेवणे सोपे होते आणि गुण फुगतात. बेरीज चुकणे, जन्मतारखेवरून वय चुकीचे काढणे आणि त्यामुळे भलताच तक्ता उघडणे या चुका अनुभवी परीक्षकांकडूनही होतात. म्हणून हिशेब दुसऱ्याने तपासणे हिताचे.

उत्तम चाचणीतही त्रुटी उरते. विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यास गुण किती सारखे येतात याचे माप, कमाल १) ०.९६ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी १५ × √०.०४, म्हणजे ३ गुण. १०४ गुण मिळाले, तर अहवालात ९५ टक्के खात्रीने ९८ ते ११० असा पट्टा लिहायला हवा. एकूण बुद्ध्यंक हा सारांश आहे, हेही विसरता कामा नये : शाब्दिक आकलन १२५ आणि प्रक्रियेचा वेग ८५ असेल, तर मधला आकडा त्या व्यक्तीचे धड कोणतेच रूप दाखवत नाही. अशा वेळी निर्देशांक सुटे वाचावेत.

मानके, म्हणजे तुलनेसाठी नमुना समूहावरून बांधलेले वयवार तक्ते, जुनी होतात. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला सुमारे ३ ने वाढल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. या हिशेबाने वीस वर्षे जुनी मानके वापरली, तर गुण सुमारे ६ ने वाढीव येतात. ७० च्या आसपास एवढ्या फरकाने मुलाला मिळणारी मदत थांबू शकते. बौद्धिक अक्षमतेचे निदान मात्र नुसत्या अंकावर होत नाही. दैनंदिन व्यवहारातील अडचणी आणि त्यांची विकासाच्या वयात झालेली सुरुवातही पाहावी लागते.

भाषांतर हा आणखी एक सापळा. सोपा शब्द दुसऱ्या भाषेत दुर्मीळ असू शकतो, अंकांची नावे लांब असतील तर अंकस्मरण अवघड होते. प्रश्न भाषांतरित करून मूळ मानके वापरणे ही गंभीर चूक आहे. नव्या समूहावर मानके नव्याने बांधावी लागतात. जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या आकृतिमालांना शब्द लागत नाहीत, पण आकृत्यांच्या कोड्यांची सवय आणि शालेय शिक्षण यांचा परिणाम त्यांवरही होतो.

मोजपट्टीच्या वरच्या टोकाला आकडे फार विरळ होतात. १४५ च्या वर साधारण ७४० जणांत एक व्यक्ती येते, आणि वेक्स्लर यांच्या मुलांच्या चाचणीच्या पाचव्या आवृत्तीची मानके २,२०० मुलांवर, म्हणजे प्रत्येक वयोगटातील २०० मुलांवर बांधलेली आहेत. त्या चाचणीच्या नेहमीच्या मानकांची कमाल मर्यादा १६० आहे. १८० किंवा २०० असा बुद्ध्यंक त्यांतून निघूच शकत नाही.