जावानीज नृत्यातला शृंगार: राजसिंहासनापासून लग्नमंडपापर्यंत

मध्य जावामधल्या सुरकार्ताच्या राजवाड्यात वर्षातून एकदा, राजाच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनी, नऊ स्त्रिया 'बेधाया केतावांग' हे नृत्य करतात. जावानीज नृत्यातल्या प्रेमाची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी. आख्यायिका अशी, की सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातारामचं राज्य उभारणारा सेनापती नावाचा राजा दक्षिण समुद्राकाठी तपाला बसला, सागराची राणी रातू किदुल त्याच्यावर भाळली आणि त्याच्या वंशातल्या प्रत्येक राजाची ती पत्नी झाली. नृत्याचं श्रेय परंपरा सेनापतीचा नातू सुलतान आगुंग (१६१३–१६४५) याला देते. म्हणजे प्रेमाचं हे नृत्य मुळात राजाच्या अधिकाराला दैवी आधार देणारं होतं.

नर्तकींचा साज नववधूचा असतो: भरजरी नव्हे, तर लांबरुंद बाटिकचं वस्त्र, आणि अंबाड्यापासून छातीवर रुळणारी मोगऱ्याची माळ. गाण्याचे शब्द राणीचे, राजाला उद्देशून. पण चेहरा पाहावा तर त्यावर काहीच नाही. नजर खाली, ओठ मिटलेले. आपल्याकडचा मुखाभिनय डोक्यात ठेवून पाहिलं तर हाती काही लागत नाही. भाव असतो तो गतीत आणि 'सांपुर'मध्ये, म्हणजे कमरेच्या लांब शेल्यात. दोन बोटांत शेल्याचा काठ हलकेच उचलायचा, हात लांबवायचा, मनगट सावकाश वळवायचं आणि काठ सोडून द्यायचा. एवढंच. ओढ इतक्या संयमाने दाखवणारी दुसरी नृत्यपरंपरा माझ्या पाहण्यात नाही.

१७५५च्या गियांती तहाने मातारामचे दोन तुकडे झाले, सुरकार्ता आणि योग्यकार्ता. दोन्ही दरबारांनी आपापली शैली जिवापाड जपली. योग्यकार्ताच्या बेधायात, म्हणजे नऊ स्त्रियांच्या अशाच दरबारी नृत्यात, नऊजणींपैकी एक मन, तर दुसरी वासना मानली जाते. त्या दोघी समोरासमोर येतात, झगडतात आणि शेवटी एका रांगेत मिसळतात.

प्रेमकथा म्हणून जावाची खरी लाडकी कथा मात्र पांजीची. जांगालाचा राजपुत्र पांजी आणि कदिरीची राजकन्या सेकारताजी हे कामदेव आणि रतीचे अवतार मानले जातात. ताटातूट, वेषांतर, शोध आणि पुनर्भेट हा कथेचा गाभा. पांजीकथांच्या हस्तलिखितांना युनेस्कोने २०१७ साली जागतिक स्मृतिनोंदीत स्थान दिलं.

याच कथेतला लाल मुखवट्याचा राजा क्लाना सेकारताजीसाठी वेडा होतो. नाचता नाचता तो मुकुट सारखा करतो, मिशीला पीळ देतो, आरशात पाहिल्यासारखं स्वतःला न्याहाळतो. ती मात्र रंगमंचावर नसतेच. पांजीचं प्रेम शांत, तर क्लानाचं हे असं अनावर. या अनावर अवस्थेला जावानीजमध्ये 'गांद्रुंग' म्हणतात. भीमपुत्र घटोत्कचही तिथे अर्जुनकन्या पेर्गिवासाठी असाच गांद्रुंग होतो. आपला घटोत्कच वत्सलाहरणात अभिमन्यूचं लग्न जुळवून देतो, जावाचा स्वतःच प्रेमात पडतो!

राजवाड्याच्या भिंतींआडची ही कला १९१८ साली योग्यकार्तात दोन राजपुत्रांनी काढलेल्या 'क्रिडा बेक्सा विरामा' संस्थेमुळे सामान्यांना शिकता येऊ लागली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरकार्ताचे नृत्यगुरू मारिदी यांनी पांजी-सेकारताजीचं 'कारोनसिह' हे युगुलनृत्य बसवलं. आता मध्य जावातल्या कितीतरी लग्नांत ते वधूवरांसमोर सादर होतं. काही जाणकार त्याला निव्वळ लग्नाची शोभा समजतात, ते मला पटत नाही. प्रेमिक आणि प्रेमिका इथे एकमेकांकडे पाहतात, जवळ येतात, एकाच लयीत चालतात. दरबारी बेधायात राजा तर जागेवर बसूनच असे. सामान्य माणसांच्या प्रेमाला दरबारी नृत्याची भाषा मिळाली ती अशी.