पार्श्वभूमी : भूगोलाची पदवी, शैक्षणिक कर्ज आणि पहिला पगार

नागपुरात अनुदानित महाविद्यालयातून भूगोल घेऊन बीए करायला फीसाठी सहसा कर्ज लागत नाही. गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेल्या मुलाला खोलीभाडे आणि खानावळच जड जाते. कर्ज येते ते पुढच्या पायरीवर : विनाअनुदानित बी.एड., जीआयएसची (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याच्या तंत्राची) पदविका, खासगी विद्यापीठातली किंवा परदेशातली एम.एस्सी. नेमका तिथेच पगारही उशिरा सुरू होतो.

पूर्वी हे गणित वेगळे होते. केंद्राने १९६३ साली राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. कर्ज बिनव्याजी होते आणि घेणारा पुढे शिक्षक झाला, तर नोकरीच्या दर वर्षामागे मूळ रकमेचा दहावा हिस्सा माफ व्हायचा. भूगोलाच्या पदवीधराची वाट तेव्हा बहुतेक शाळेकडेच जायची, त्यामुळे ही सोय त्याच्या मापाचीच होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती गुंडाळली गेली.

दरम्यान १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि लाखांतली फी रुळली. २००१ ची इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना या नव्या फीच्या जगात आली. ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांच्या वर तारण हवेच, शिक्षणाच्या काळात आणि नंतर काही महिने हप्ता नाही. २००९ पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी या काळातले व्याज केंद्र भरू लागले, पण फक्त तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधी बीए-एमए त्या चौकटीबाहेरच राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना पीएम-विद्यालक्ष्मी विषय पाहत नाही, संस्थेचे राष्ट्रीय मानांकन पाहते. म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे तपासावे; प्रवेशानंतर त्याचा उपयोग नाही.

पगाराच्या बाजूला शाळेची वाट अरुंद होत गेली. राज्यात २००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक असतो. २०१२ मध्ये पटपडताळणीनंतर, म्हणजे शाळांतली विद्यार्थीसंख्या खरी आहे का ते मोजल्यानंतर, भरती थांबली. २०१५ पासून बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले : फी दुप्पट, कमाई एक वर्ष लांब. २०१७ नंतर भरती सरकारच्या ऑनलाइन पवित्र पोर्टलवर आली. नोकरीसाठी संस्थाचालकांना ‘द्यावे लागणारे’ पैसे कमी होतील ही अपेक्षा होती, पण जागांची वाट पाहणे काही कमी झाले नाही. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन ८,००० वरून १८,००० झाले ते २०२३ मध्ये.

आता त्या १८,००० समोर कर्ज मांडू. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ५ लाख, दर १० टक्के, दरवर्षी अडीच लाख उचलले. हप्ता शिक्षणानंतर एका वर्षाने सुरू होतो. तोवर सरळ व्याज पहिल्या उचलीवर तीन वर्षांचे ७५,००० आणि दुसरीवर दोन वर्षांचे ५०,००० होते. ते मुद्दलात मिसळले की कर्ज सव्वासहा लाख. दहा वर्षांचा हप्ता सुमारे ८,२६०, म्हणजे मानधनाचा जवळपास निम्मा. पंधरा वर्षे घेतली तर ६,७१५ च्या आसपास, पण एकूण फेड ९.९ लाखांवरून १२.१ लाखांवर जाते. घरच्यांनी पहिल्या वर्षी महिन्याला २,०८३ आणि नंतर ४,१६७ असे व्याज भरत नेले, तर दहा वर्षांचा हप्ता ६,६०७ वर थांबतो. असे व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्का सवलत देण्याची मुभाही योजनेत आहे. शाखेत ती मागावी लागते, आपोआप क्वचितच मिळते.

शाळेऐवजी नकाशाकडे वळायला नागपूर तसे बरे गाव आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो इथेच, राज्याचे सुदूर संवेदन केंद्र (एमआरसॅक) इथेच, इस्रोचे प्रादेशिक केंद्रही इथेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भारतीय कंपन्यांना नकाशे आणि भूस्थानिक माहितीसाठी आधी परवानगी घेण्याची अट काढली, तेव्हापासून खासगी कामालाही मोकळीक आली. मात्र सुरुवातीचे काम बरेचदा कंत्राटी असते : उपग्रह प्रतिमेवर शेतांच्या आणि रस्त्यांच्या हद्दी गिरवणे, त्यांना माहितीचे तक्ते जोडणे. सॉफ्टवेअर नुसते हाताळता येणारे इथे पुष्कळ आहेत. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटाबेस येणारा लवकर वर सरकतो, म्हणून पदविकेचे पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमात ते दोन्ही आहेत का बघावे.

भूमी अभिलेख विभागातली भूकरमापकाची (जमीन मोजणाऱ्याची) जागा भूगोलवाल्याची, हा समज मात्र महागात पडतो. तिथे स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड मागतात. बीए भूगोलवर अर्जच टिकत नाही.

सगळ्यात जास्त कर्जे बिघडतात ती एमपीएससीच्या तयारीत. कर्ज घेतलेला अभ्यासक्रम संपला की बँकेचे घड्याळ सुरू होते आणि मुख्य परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नापर्यंत सवलतीचा काळ संपलेला असतो. हप्ता थकला की सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांचाही सिबिल (कर्जफेडीच्या पतीचा गुणांक) पडतो आणि त्यांचे पुढचे कर्ज अडते. बेरोजगारीच्या काळात हप्ते काही महिने पुढे ढकलण्याची तरतूद २०१५ च्या सुधारित योजनेत आहे. त्यासाठी लेखी अर्ज हप्ता थकण्याआधी शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी. खाते एनपीए (थकीत कर्ज) झाल्यावर तोच अर्ज घेऊन गेले, तर शाखेच्या हातात फारसे उरत नाही.